वेटिंग ४३

दहावीनंतर सायन्सला कोण जातं आणि आर्ट्सला कोण, हे आमच्या कुडाळात कुणी कुणाला समजावून सांगत नसे. निकालाच्या दिवशी चेहऱ्यावरूनच कळायचं. त्यामुळे आमच्या कन्येने आठवीत असताना ‘मला आर्ट्स आणि सायन्स, दोन्हीच्या शाळेत जायचंय’ असं जाहीर केलं, तेव्हा मला कुणीतरी मिसळीवर श्रीखंड मागितल्यासारखं वाटलं.

अशी शाळा खरोखरच होती. आमच्या उपनगरापासून पंधरा मैलांवर, अमेरिकेतल्या कनेक्टिकट राज्यातल्या हार्टफर्ड शहरात. सरकारी, बिनफीची. नाव मॅग्नेट स्कूल, म्हणजे लोहचुंबक शाळा. मी पाच वर्षं तिच्यावरून ऑफिसला जात होतो आणि आत चुंबकं शिकवत असतील असं समजत होतो.

ओपन हाऊसला, म्हणजे शाळा बघायला पालकांना बोलावतात त्या दिवशी, आम्ही तिघं गेलो. मी वही-पेन घेऊन. एका वर्गात मुलं बेडकाचा सांगाडा बघून कोळशाने चित्र काढत होती आणि शेजारी बसलेली शिक्षिका त्यांना हाडांची नावं विचारत होती. पुढच्या वर्गात सेलो या वाद्याच्या तारेची लांबी मोजून कंपनसंख्या काढणं चाललं होतं. बायको विरघळली. मी मात्र मुद्द्याचं विचारायला थांबलो होतो.

“एन्ट्रन्सचा सिलॅबस कुठे मिळेल?”

“एन्ट्रन्स नाही,” समुपदेशक बाई म्हणाल्या.

“मग मार्कांचा कटऑफ?”

“तोही नाही. लॉटरी असते. कॉम्प्युटर नावं काढतो.”

“तयारी कशी करायची?”

“फॉर्म वेळेत भरा,” बाई गोड हसल्या.

मी वहीत ‘फॉर्म’ एवढंच लिहिलं. खाली दोन रेघा मारल्या. मराठी बापाच्या हातातलं एकमेव शस्त्र म्हणजे क्लास. इथे लावायला क्लासच नव्हता! सोडवायला मागच्या दहा वर्षांचे पेपर नव्हते. पोरीला पहाटे उठवून करायला लावण्यासारखं काहीही नव्हतं.

घरी येऊन मी रागारागाने वाचायला बसलो, की गुणवत्तेची ही थट्टा सुरू केली कुणी. तर कळलं, भानगड कोर्टातली आहे. १९८९ साली हार्टफर्डमधल्या काही पालकांनी राज्यावर खटला भरला. शहरातल्या शाळांत जवळजवळ सगळी काळी आणि लॅटिनो मुलं, उपनगरांत जवळजवळ सगळी गोरी, हे कसं चालतं? दाव्यात पहिलं नाव होतं मायलो शेफ या मुलाचं. तो तेव्हा चौथीत होता. (मीही. माझं त्या वर्षीचं एकमेव दुःख म्हणजे स्कॉलरशिपची परीक्षा.) १९९६ साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध तीन मतांनी पालकांच्या बाजूने निकाल दिला. मग जबरदस्तीने मुलं हलवण्यापेक्षा शाळाच इतक्या सुंदर काढू, की दोन्हीकडची मुलं आपण होऊन ओढली जातील, असं ठरलं. म्हणून चुंबक. आणि ओढली गेलेली मुलं जागांपेक्षा जास्त, म्हणून सोडत.

वाचून राग गेला, ही पंचाईत. रागाला निदान काहीतरी करता येतं.

मी विमा कंपनीत काम करतो. या गावात जो तो विमा कंपनीत काम करतो. कुणाच्या घरावर झाड पडायची शक्यता किती, याची गणितं मांडून माझं पोट भरतं. पण त्या रात्री एक्सेल उघडून बसलो तर भरायला आकडाच नव्हता. अर्ज किती, जागा किती, भावंडांना प्राधान्य आहे त्यात किती जातील, काही ठाऊक नाही. भावंडांचं मी चुकून आईला फोनवर बोललो. “मी तेव्हापासून सांगतेय, एकावर थांबू नका,” ती म्हणाली. बायकोने कॅमेरा छताकडे वळवला.

पण आई हातावर हात ठेवून बसणारी नाही. तिच्या भावाने म्हाडाच्या सोडतीत अकरा वर्षं अर्ज भरलेत, त्यामुळे सोडतीला कॉम्प्युटर पुरत नाही हे तिला पक्कं माहीत. ती ग्रामदेवतेला कौल लावायला गेली आणि मला व्हिडिओवर हजर केलं. इथे रात्रीचे अकरा, बाहेर दीड फूट बर्फ. गुरवांनी गाऱ्हाणं घातलं: “बा देवा म्हाराजा, ह्या तुझ्या लेकराचा चेडू हातफोड गावच्या शाळेत जावक बघता, तेचो नंबर लागू दे रे म्हाराजा!” मी लॅपटॉपसमोर हात जोडून “व्हय म्हाराजा” म्हणालो. कन्या दारातून बघत होती. उजवी कळी पडली.

वसंतात ईमेल आला. वेटिंग लिस्ट, क्रमांक ४३.

“गणपतीतल्या कोकणकन्याला त्रेचाळीस कन्फर्म होतं का रे?” आईने विचारलं. नाही होत. पण तिकडे निदान चार्ट लागतो. इथे मी चार महिने रोज सकाळी चहाआधी संकेतस्थळ उघडायचो. ४३. ४१. जूनमध्ये २६. मग पाच आठवडे २६. कुणाची बदली होतेय का, कुणी घर विकतंय का, मी बागेत फिरताना लोकांच्या घरांपुढच्या पाट्या वाचू लागलो. शेजाऱ्याने विचारलं, “घर बघताय?” म्हटलं, “नाही, तुम्ही जाताय का एवढंच बघतोय.”

शाळा सुरू व्हायला सहा दिवस असताना फोन आला. जागा आहे, दोन दिवसांत कळवा. कन्या म्हणाली, “विचार करते.” विचार करते! मी गॅरेजमध्ये जाऊन उभा राहिलो. तासाभराने ती हो म्हणाली.

बस सहा वाजून पाच मिनिटांनी येते. त्यात सेलो, कॅनव्हास आणि अर्धवट झोपलेली मुलं असतात. स्टॉपपर्यंत सेलो मी वाहतो.

आईला कळवलं तर तिला नवल वाटलं नाही. “कौल दिला होता ना त्याने,” ती म्हणाली. “आता नवस फेडायला या. तिघांनीही यायचं, तुझ्या नावाने बोललेय मी.”

शाळा फुकट. बसही फुकट. डिसेंबरची तीन तिकिटं मी काल बघितली.