गालिच्यावरचा डाग कायमचा कसा टिकवावा

रविवार सकाळ, मिसळ आणि नवा गालिचा हे त्रिकूट जमवून आणा. नाशिकची मिसळ, त्यामुळे तर्री वेगळ्या वाटीत. ती टेबलावर ठेवू नका, गालिच्यावर मांडी घालून बसलेल्या पाहुण्याच्या हातात द्या. पुढचं आपोआप होतं.

सांडलं रे सांडलं की ओलं फडकं घेऊन कचाकच घासा. पांढऱ्या कोरड्या फडक्याने कडेकडून मध्याकडे टिपणारे आणि वर कॉर्नफ्लॉर भुरभुरून पंधरा मिनिटं थांबणारे लोक असतात. त्यांचं तेल पिठात उतरतं, हाती काही राहत नाही. घासलं की कसं, तेल धाग्याच्या बुडाशी जातं आणि डागही वाढत्या अंगाचा होतो.

मग कपड्यांचा साबण. हळदीला क्षार लागला की ती लाल होते, म्हणजे एका डागात हळद आणि कुंकू दोन्ही. घाबरून व्हिनेगर शिंपडू नका, पुन्हा पिवळा होईल. दोन चमचे साबण पुरेल तिथे अर्धी वाटी ओता. उरलेला चिकटपणा वर्षभर धूळ ओढत राहतो. आणि गच्चीवर मुळीच नेऊ नका. हळदीच्या रंगाला ऊन सोसत नाही. दोन-चार दुपारीत डाग फिका पडला तर एवढे कष्ट पाण्यात.

दूध, अंडं, रक्त यांना उकळतं पाणी घाला, प्रथिनं धाग्यातच शिजून बसतात. थंड पाण्यात ती बापडी सुटून येतात.

मांजर मुतलं तर फिनाईल. वास दबतो, युरिक आम्लाचे खडे बुडाशी तसेच राहतात आणि जुलैत पावसाची झड लागली, हवा दमट झाली की पुन्हा हजर. त्यांना फोडणारं एन्झाइमचं द्रावण मिळतं, पण ते मूत जिथवर मुरलं तिथवर पोचवून तासभर तरी ओलं ठेवावं लागतं. एवढा धीर कोणाला आहे? (ब्लीच मात्र थट्टेतही नको. मुतातल्या अमोनियाशी मिळून विषारी वायू सुटतो, आणि लोकर तर त्यात विरूनच जाते.)

खायचा सोडा कोरडाच पसरून रात्रभर ठेवला आणि सकाळी व्हॅक्युमने ओढला, तर वास जाण्याचा धोका असतो. त्यापेक्षा सोडा आणि व्हिनेगर एकाच वाटीत कालवा. फेस झकास येतो, खाली उरतं नुसतं खारट पाणी.

शेवटी बादलीभर पाणी ओता. पंखा लावू नका, गालिचा उलटू नका. वाळताना पाणी वर चढतं आणि बुडाशी दडलेला डाग सोबत घेऊन येतं. तळाला ताग असेल तर त्याचा तपकिरी रंगही. तिसऱ्या दिवशी तो दिसला की वर सोफा सरकवा. पाय लोखंडी असतील तर उत्तम, ओल्यावर आठवड्यात गंजाचे चार डाग वेगळे मिळतात.