शेपटीचा फोटो कुणी गाळला?

"नान्नजच्या शिवारात बिबट्याचं पिल्लू कॅमेऱ्यात कैद. आई जवळच आहे. रात्री पाणी द्यायला जाऊ नका." या मेसेजसोबत ट्रॅप कॅमेऱ्याचे, म्हणजे जनावर समोर आलं की आपोआप फोटो काढणाऱ्या कॅमेऱ्याचे, दोन काळे-पांढरे फोटो फिरतायत. कॅमेरा माझ्या मित्राच्या बांधावरचा. मूळ फोटो तीन आहेत.

भीती खोटी नाही, हे आधी कबूल करतो. डिसेंबर २०२० मध्ये करमाळ्यात नरभक्षक बिबट्याला गोळी घालावी लागली होती. ते आपल्याच सोलापूर जिल्ह्यात घडलं, लोक कसे विसरतील? पण म्हणून प्रत्येक मांजर बिबट्या होत नाही.

"अंगावर ठिपके दिसतात." मोबाइलवर दहा हात फिरून आलेल्या फोटोत दिसतात खरे. मूळ फोटो मोठा करून पाहिला. कॅमेऱ्याचा इन्फ्रारेड उजेड ज्वारीच्या पानांमधून जातो आणि पानांच्या सावल्या अंगावर पडतात. जनावर दोन पावलं पुढे गेलं की पुढच्या फोटोत 'ठिपके' जागा बदलतात. कातडीवरचे ठिपके असं करत नाहीत. खरी खूण पायांवर आहे, पुसट आडवे पट्टे.

"डोळे चमकतात." शेळीचेही चमकतात.

"मांजर एवढं मोठं नसतं." यासाठी आम्ही दर दहा सेंटिमीटरला चिकटपट्टी लावलेली काठी घेऊन गेलो, जनावर उभं होतं तिथेच रोवली आणि त्याच कॅमेऱ्यातून फोटो काढला. खांद्याची उंची चाळीसच्या आत भरली. रानमांजर एवढं असतं. पण प्रामाणिकपणे सांगायचं तर बिबट्याचं पिल्लूही एका वयात एवढंच असतं, त्यामुळे नुसत्या उंचीवर निकाल लागत नाही.

निकाल लावते शेपटी. बिबट्याची शेपटी लांब, जाड, ठिपक्यांची असते, पिल्लाचीसुद्धा. इथली आखूड आहे, मागच्या पायाच्या ढोपरापर्यंत जेमतेम पोचते. टोक काळं आणि त्याच्या अलीकडे काळी वलयं. शिवाय कान उंच, टोकदार; बिबट्याचे गोल असतात. हे रानमांजर, काही जण बाऊल म्हणतात ते. आपल्या माळरानात, ज्वारीत, उसात त्याचा वावर जुना आहे. उंदरांवर जगतं, म्हणजे शेतकऱ्याचं कामच करतं.

कानांवरच्या केसांच्या झुपक्यांवरून एका जाणकारांनी 'कॅराकल' ठरवलं, म्हणजे वेगळ्याच जातीचं एक दुर्मीळ रानटी मांजर. कॅराकलचे झुपके लांबलचक असतात आणि शेपटीवर वलयं नसतात. भारतात ते कच्छ-राजस्थानात मोजकेच उरलेत. इथे तो सापडला असता तर मीच पेढे वाटले असते.

राहिली 'आई'. ती एकाही फोटोत नाही. पिल्लू आहे असं धरलं म्हणून आई आली. पण त्या एका ओळीने रात्रीच्या लाइटवर पाणी देणाऱ्यांच्या पाळ्या चुकल्या आणि कुणीतरी फासे लावायची भाषा सुरू केली. रानमांजराला १९७२ च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे. फास्यात ते अडकलं तर गुन्हा लावणाऱ्यावर दाखल होतो, मेसेज पाठवणाऱ्यावर नाही.

शेपटी आणि वलयं स्वच्छ दिसतात तो फोटो तिसरा. नेमका तोच गाळला गेलाय. काल मी तो गावच्या ग्रुपवर टाकला. पहिलं उत्तर आलं: "ते बरोबर हाय, पण मग आई कुठाय?"