डेव्ही क्रॉकेटचे ते एक मत

नमस्कार. अमेरिकेच्या टेनेसी राज्यातून प्रतिनिधीगृहावर निवडून गेलेल्या डेव्ही क्रॉकेटवरील माझ्या लेखावर आपण दोन आक्षेप घेतले आहेत. क्रीक या मूलनिवासी लोकांविरुद्धच्या युद्धातील त्याच्या सहभागाची मी एका वाक्यात बोळवण केली, हा पहिला. आणि १८३० साली मूलनिवासींच्या हकालपट्टीच्या विधेयकाविरुद्ध त्याने दिलेले मत केवळ तत्कालीन राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॅक्सनवरच्या रागापोटी होते, हा दुसरा. पहिला आक्षेप मला संपूर्ण मान्य आहे, दुसरा मात्र पटत नाही.

३ नोव्हेंबर १८१३ रोजी, आजच्या अलाबामातील टॅलुशॅची या क्रीक गावाला जनरल कॉफीच्या सैन्याने वेढा घातला, तेव्हा क्रॉकेट त्या सैन्यात होता. एका घरात शिरलेल्या ४६ योद्ध्यांना घरासकट जाळण्यात आले. दुसऱ्या दिवशी उपाशी सैनिकांना त्याच घराखालच्या तळघरात बटाटे सापडले. जळालेल्या माणसांची चरबी त्यांवर ओघळली होती, तरीही भुकेपोटी ते खाल्ले गेले. हे स्वतः क्रॉकेटनेच १८३४ च्या आत्मचरित्रात सांगितले आहे. (त्या लेखनात केंटकीचे खासदार थॉमस चिल्टन यांचा हात होता, हेही नमूद करायला हवे.) इतका भीषण प्रसंग मी गाळायला नको होता.

आता मताविषयी. जमिनीच्या विधेयकावरून क्रॉकेटचे जॅक्सनच्या गटाशी आधीच बिनसले होते, हे खरे आहे. पश्चिम टेनेसीतील ज्या गरीब कुटुंबांनी जंगल तोडून शेती उभी केली, पण ज्यांच्याकडे जमिनीचा कागद नव्हता, त्यांना ती जमीन मिळावी यासाठी तो झगडत होता आणि स्वतःच्या राज्याचेच प्रतिनिधी त्याला साथ देत नव्हते. परंतु राग काढायला याहून स्वस्त जागा पुष्कळ होत्या. त्याचा मतदारसंघ चिकसॉ या मूलनिवासी लोकांच्या प्रदेशाला लागून होता आणि तिथल्या मतदारांना हकालपट्टी हवी होती. हकालपट्टीचे विधेयक १०२ विरुद्ध ९७ मतांनी संमत झाले आणि टेनेसीच्या प्रतिनिधींपैकी विरोधात मत देणारा क्रॉकेट एकटाच होता. पुढच्याच वर्षी, १८३१ मध्ये, तो निवडणूक हरला. त्या पराभवाला अन्य कारणेही असतील, पण केवळ सूड उगवायचा म्हणून कोणी स्वतःच्या मतदारांशीच वैर धरील, हे मला संभवनीय वाटत नाही. टॅलुशॅचीत जे घडले ते त्याने डोळ्यांनी पाहिले होते, त्यात तो सामील होता, आणि म्हणूनच हे मत मला अधिक महत्त्वाचे वाटते.

टॅलुशॅचीवरचा परिच्छेद मी आज मूळ लेखात जोडला आहे. मताविषयीचे विधान मात्र तसेच ठेवले आहे.