‘फाइट क्लब’ समीक्षकांनी पाडला आणि प्रेक्षकांनी उचलला? असं काही झालेलं नाही

दिग्दर्शक डेव्हिड फिंचरच्या ‘फाइट क्लब’बद्दलचा एक मजकूर गेली कित्येक वर्षं फिरतोय. सिनेमाच्या ग्रुपवर कुणी ना कुणी तो अधूनमधून टाकतंच आणि खाली टाळ्यांची रांग लागते. आशय असा: 1999 साली झाडून सगळ्या समीक्षकांनी या चित्रपटाला धोपटलं, प्रेक्षकांनी मात्र पहिल्या दिवसापासून डोक्यावर घेतलं. तो तिकीटबारीवर आपटला तो समीक्षकांमुळे. पुढे काळाने रॉजर ईबर्टसारख्या नामवंत अमेरिकी समीक्षकांना तोंडघशी पाडलं, आणि आयएमडीबी या वेबसाइटवर प्रेक्षकांनी दिलेले दहापैकी 8.8 गुण हा जनतेचा निकाल. मला हा चित्रपट आवडतो, कितीही वेळा लावला तरी बघतो. पण या मजकुरातलं जवळजवळ एकही विधान तपासणीला टिकत नाही.

‘सगळ्या समीक्षकांनी धोपटलं.’ नाही. ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये जॅनेट मॅस्लिनने त्याची बाजू घेतली, ‘रोलिंग स्टोन’च्या पीटर ट्रॅव्हर्सनेही कौतुक केलं. म्हणजे अमेरिकेतल्या दोन वजनदार जागांवरून चित्रपटाला पाठिंबाच होता. विरोधकही तेवढेच तिखट होते, हे खरं. ‘लॉस एंजेलिस टाइम्स’च्या केनेथ ट्युरनने त्याला पोरकट तत्त्वज्ञान आणि हाडं मोडणारी हाणामारी यांची खिचडी ठरवलं. व्हेनिसच्या महोत्सवात सप्टेंबरमध्ये पहिला खेळ झाला, तेव्हा लंडनच्या ‘इव्हनिंग स्टँडर्ड’चा अलेक्झांडर वॉकर इतका भडकला की हा सभ्यतेवरचा आणि समाजावरचा हल्ला आहे, असं त्याने लिहिलं. ही सरळसरळ फूट होती. परीक्षणांचे गुण एकत्र करणाऱ्या मेटाक्रिटिक या वेबसाइटवरची सरासरी आजही शंभरात सत्तरीच्या थोडी खाली आहे. एकमुखाने झोडपलेल्या चित्रपटाची सरासरी अशी नसते.

‘प्रेक्षकांनी पहिल्या दिवसापासून डोक्यावर घेतलं.’ इथे तर गाडी उलटीच आहे. अमेरिकेत चित्रपट 15 ऑक्टोबर 1999 ला लागला. सिनेमास्कोर ही संस्था पहिल्या दिवशी चित्रपटगृहातून बाहेर पडणाऱ्या, खिशातले पैसे घालून आलेल्या लोकांकडून श्रेणी घेते. ‘फाइट क्लब’ला त्यांनी ‘बी उणे’ (बी मायनस) दिली. शाळेच्या प्रगतिपुस्तकात ही श्रेणी बरी दिसेल, पण आपण होऊन आलेला प्रेक्षक सहसा हात सैल सोडून गुण देतो. ब्रॅड पिटच्या चित्रपटाला त्याने ‘बी उणे’ द्यावी याचा अर्थ बरेच जण हिरमुसून घरी गेले. मॅस्लिन आणि ट्रॅव्हर्स हे समीक्षक त्या रात्रीच्या सरासरी प्रेक्षकापेक्षा चित्रपटावर जास्त खूश होते. मजकूर लिहिणाऱ्यांनी हे वाक्य जरा दोनदा वाचावं.

आता ‘समीक्षकांमुळे आपटला’ हे पाहू. पहिल्या आठवड्याअखेरीस चित्रपट अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर होता, सुमारे 1 कोटी 10 लाख डॉलरचा गल्ला. परीक्षणांनी लोकांना घरी बसवलं असतं तर ते याच आठवड्यात दिसलं असतं. घसरण झाली दुसऱ्या आठवड्यात, चाळीस टक्क्यांहून जास्त, आणि ती तोंडी प्रसिद्धीची असते. पाहून आलेल्यांनी मित्रांना ‘जा’ म्हटलं नाही. सहा कोटींहून जास्त डॉलर खर्चलेल्या चित्रपटाने अमेरिकेत कसेबसे 3 कोटी 70 लाख जमवले. जगभरचा आकडा दहा कोटींच्या आसपास गेला, पण त्यातून चित्रपटगृहांचा वाटा आणि जाहिरातीचा खर्च गेल्यावर स्टुडिओच्या हातात फार काही उरलं नसावं.

लोक हिरमुसले का, याचं उत्तर मला समीक्षकांपेक्षा फॉक्स या स्टुडिओच्या जाहिरात विभागात दिसतं. ऑफिस, फर्निचरचा कॅटलॉग आणि निद्रानाश यांत गुदमरलेल्या आणि मग तळघरात मारामारीचा क्लब काढणाऱ्या माणसाची ही काळी विनोदिका. स्टुडिओने तिच्या जाहिराती डब्ल्यूडब्ल्यूएफच्या कुस्तीच्या कार्यक्रमांत लावल्या. फिंचरने विरोध केला, उपयोग झाला नाही. त्याला जाहिरातीत गुलाबी साबणाची वडी हवी होती, ती वरच्या साहेबांना आधी थट्टाच वाटली. मग तळघरातली मारामारी बघायला आलेल्यांना सव्वादोन तास उपभोगवादावरची टोमणेबाजी ऐकावी लागली, आणि ज्यांना ती आवडली असती ते कुस्तीचा चित्रपट समजून फिरकलेच नाहीत. त्यातच प्रदर्शन उन्हाळ्यातून शरद ऋतूत ढकललं गेलं. स्टुडिओने उन्हाळ्यातली गर्दी हे कारण दिलं, बाहेरच्यांनी एप्रिलमधल्या कोलंबाइन शाळेतल्या गोळीबाराकडे बोट दाखवलं. आणि शेवट फोडण्याचं पुण्यकर्म कुणा समीक्षकाने केलं नाही. ते टीव्हीवरच्या रोझी ओडॉनेलने केलं: चित्रपटाने झोप उडवली, बघू नका, असं सांगून तिने आपल्या कार्यक्रमात शेवटची कलाटणीच सांगून टाकली. (ती इथे सांगत नाही. पंचवीस वर्षं उलटली असली तरी कुणीतरी अजून पाहायचं राहिलंच असेल.)

राहिला ईबर्ट. त्याने दोन तारे दिले, ‘डेथ विश’ या सूडपटानंतरचा सर्वात उघड फॅसिस्ट बड्या ताऱ्यांचा चित्रपट म्हटलं, आणि या वाक्यावर त्याची आजवर टिंगल होते. पण परीक्षण पुढे वाचलं की त्याचा खरा मुद्दा लागतो. शहाणी मंडळी म्हणतील की चित्रपट या वागण्याच्या विरोधातच आहे, प्रेक्षकांना मात्र ते वागणं आवडेल आणि युक्तिवाद ते तिथेच सोडून देतील, असा त्याचा अंदाज होता. आता इन्स्टाग्राम उघडा. क्लबचा म्होरक्या टायलर डर्डन (ब्रॅड पिट) याचे संवाद सिक्स-पॅकच्या फोटोंवर चिकटवून ‘मर्द बना’ म्हणून विकणारे कोण आहेत? टायलर हा या गोष्टीतला रोग आहे, त्याच्या फौजेत भरती झालेल्यांची नावंसुद्धा उरत नाहीत, हे चित्रपट ओरडून सांगतो. कॅलिफोर्नियात मेन्लो पार्कला संगणक कंपन्यांतल्या लोकांनी खरोखरच गॅरेजमध्ये मारामारीचा क्लब चालवला. आपल्याकडे 2006 मध्ये ‘फाइट क्लब – मेंबर्स ओन्ली’ नावाचा हिंदी चित्रपट आला, त्यात आपला रितेश देशमुखही होता. त्या चित्रपटानेही मूळच्यातले ठोसे तेवढे उचलले, बाकीचं टाकून दिलं.

ईबर्टला नंतर उपरती झाली, असंही काही जण जोडतात. त्याने पुढे कोलोरॅडोतल्या बोल्डरला शेकडो लोकांबरोबर हा चित्रपट दिवसचे दिवस थांबवत थांबवत पाहिला. त्यानंतर त्याचं मत असं झालं की कारागिरी आणखी आवडली, विचार आणखी कमी आवडला. चित्रपटाच्या दर्जाबद्दल माझं त्याच्याशी जमत नाही. आधी दम लागेपर्यंत हसवून मग त्याच हसण्याची लाज वाटायला लावणं फिंचरला जमलंय, आणि ईबर्टने ते श्रेय दिलं नाही. पण प्रेक्षकांबद्दलचं त्याचं भाकीत खरं ठरवणारे लोकच आज त्याला हसतात.

‘8.8 हा जनतेचा निकाल.’ आयएमडीबीवर गुण देतो तो हौशी. यातले बहुतेक जण चित्रपटापर्यंत पोहोचले ते 2000 सालच्या डीव्हीडीपासून, जिच्या व्हिडिओ कॅसेटसकट पहिल्या दहा वर्षांत साठ लाखांहून जास्त प्रती खपल्या, किंवा नंतर कुणा मित्राने पेन ड्राइव्हवर दिला म्हणून. आवडणार हे ठाऊक असलेल्यांनी, आवडेल अशा वयात, मित्राच्या शिफारशीवर पाहिलेला तो चित्रपट आहे. ‘बी उणे’ देणारा प्रेक्षक त्या आकड्यात शोधूनही सापडायचा नाही.