अमेरिकेत आईशी कसे बोलावे: नवागतांसाठी काही उपयुक्त सूचना

आईला सहा महिन्यांसाठी अमेरिकेत आणताय ना? छान. तिकीट झालं, विमा झाला, बीपीच्या गोळ्या मोजून झाल्या, मेतकूट आणि भाजणी दुहेरी पिशवीत बांधून झाली. आता एकच काम राहिलं. तिची भाषा काढून घ्या आणि माळ्यावर ठेवून द्या. परत गेलीस की मिळेल म्हणावं. बॅगेत अजिबात घालू नका. २३ किलोत ती बसत नाही, आणि कस्टमवाल्यानं हे काय म्हणून विचारलं तर काय सांगणार?

हे शहाणपण मला गेल्या शनिवारी आलं. फुकट नाही आलं, खोकल्याच्या औषधाचे १४ डॉलर पडले. न्यू जर्सीतलं औषधाचं दुकान, पैसे द्यायची रांग, मी आणि आई. आईनं बाटली डोळ्यांजवळ नेली, लांब धरली, आणि विचारलं, "अगं, ह्यात साखर नाही ना? मला शुगर आहे!" आईला उजव्या कानानं कमी ऐकू येतं, त्यामुळे ती जगाशी बोलते ते जगालाही कमी ऐकू येत असावं अशा बेतानं. मीही त्याच पट्टीत "नाही गं, शुगर-फ्री आहे" म्हटलं. मागच्या बाईंनी मान पुढे काढली आणि शांतपणे सांगितलं, "यू आर इन अमेरिका. स्पीक इंग्लिश."

इथवर काही विशेष नाही. असं ज्यांना कधी ऐकावं लागलं नाही त्यांनी हात वर करा, मी त्यांना पेढे देईन. गंमत पुढे आहे. मी जीभ सावरेपर्यंत शेजारच्या रांगेतून ओळखीचा आवाज आला: "सॉरी मॅम, शी इज न्यू हिअर." आपलेच एक सद्गृहस्थ. नाव सांगत नाही, प्रत्येक महाराष्ट्र मंडळात एक असतातच. मग पार्किंगमध्ये मला गाठून मायेनं म्हणाले, "वहिनी, राग मानू नका, पण पब्लिकमध्ये जरा हळू. सध्या वातावरण बरं नाही."

वातावरण. खोकला आईला झाला होता ना, म्हणजे बरोबरच आहे.

तर त्यांच्या त्या उपदेशानं प्रेरित होऊन पुढच्या सूचना लिहिते आहे. कात्रण करून फ्रिजवर लावा.

ठेच लागली तर "आई गं" म्हणायचं नाही. "आउच"चा सराव विमानातच करून घ्या.

पाढे मनात म्हणायलाही हरकत घेतली जाऊ शकते. ओठ हलतात.

शक्य असेल तर आईला मराठीऐवजी फ्रेंच शिकवून आणा. मी वीस वर्षांत फ्रेंच बोलणाऱ्याला रांगेत कुणी टोकलेलं पाहिलं नाही. उलट लोक वळून कौतुकानं बघतात. इंग्रजी न बोलणं हा गुन्हा नाही हो, कोणत्या रंगाच्या तोंडानं ते बोलत नाही यावर सगळं आहे.

गावांची नावं मात्र अस्सल इंग्रजी आहेत असं समजून चाला. पार्सिपनी, हॅकेनसॅक, पॅसेइक, मावा. ही आपल्याला टोकणाऱ्यांच्या पत्त्यातली नावं लेनापे लोकांच्या भाषेतून आली आहेत, मॅनहॅटनसकट. ते लोक इथेच राहत होते. त्यांना ढकलत ढकलत पार ओक्लाहोमा आणि कॅनडापर्यंत पोचवलं आणि नावं तेवढी ठेवून घेतली. घर रिकामं करून पाटी ठेवायची. तेव्हा कुणी "हॅकेनसॅकमध्ये राहता आणि इंग्रजी बोला म्हणता?" असं विचारू नका. उद्धटपणा दिसतो.

इतिहास वाचू नका. ही सूचना फार महत्त्वाची. वाचलात तर झोप उडते. शंभराच्या नोटेवर ज्यांचा चेहरा आहे त्या बेंजामिन फ्रँकलिनसाहेबांचंच बघा. १७३२ मध्ये त्यांनी फिलाडेल्फियात जर्मन भाषेत वर्तमानपत्र काढलं. गिऱ्हाईक मिळेना, बंद पडलं. १७५१ मध्ये तेच साहेब लिहितात की जर्मनीतल्या पॅलाटिनेट भागातून आलेले हे गावंढळ जर्मन इथे थवेच्या थवे घुसणार आणि आपण त्यांना इंग्रज करण्याऐवजी तेच आपल्याला जर्मन करून सोडणार. म्हणजे धंदा चालला तर वाचक, बुडाला तर घुसखोर. पुढे १७७६ मध्ये याच फिलाडेल्फियात स्वातंत्र्याचा जाहीरनामा मंजूर झाल्याची बातमी सगळ्यांत आधी, ५ जुलैला, कुणी छापली? एका जर्मन वर्तमानपत्रानं. ज्या देशाच्या जन्माची बातमी जर्मनमध्ये आली, त्या देशात आईला साखरेबद्दल मराठीत विचारायचं नाही.

आणि त्याच पॅलाटिनेटमधल्या काल्श्टाट नावाच्या गावाहून १८८५ मध्ये सोळा वर्षांचा एक मुलगा न्यूयॉर्कला उतरला. त्याचा नातू आज राष्ट्राध्यक्ष आहे. त्याच नातवानं १ मार्च २०२५ रोजी आदेश काढून इंग्रजी ही देशाची अधिकृत भाषा केली. त्याआधी जवळजवळ २५० वर्षं या देशाला अधिकृत भाषा नव्हती आणि कुणाचं काही अडलं नव्हतं. नातवाची आई स्कॉटलंडच्या लुईस बेटावरची. तिच्या घरची भाषा गेलिक, इंग्रजी ती शाळेत शिकली. म्हणजे तिच्या आईनं तिला अमेरिकेत भेटायला येऊन दुकानात काही विचारलं असतं तर… जाऊ दे. शिवाय तो आदेश आहे सरकारी कारभारापुरता, आणि सरकारी कचेऱ्यांनाही इतर भाषांतली कामं थांबवायची सक्ती त्यात नाही. खोकल्याच्या औषधाचा तर उल्लेखच नाही. पण रांगेत उभ्या असलेल्या प्रत्येकाला वाटतं, सही आपण केली.

तरी आपलं नशीब चांगलं. १९१८ मध्ये आयोवा राज्याचे गव्हर्नर हार्डिंग यांनी फर्मान काढलं होतं की शाळेत, आगगाडीत, चार लोकांत, टेलिफोनवर, भाषणात, फक्त इंग्रजी. ज्यांना येत नाही त्यांनी देवाचं नाव घरात बसून घ्यावं. महायुद्ध जर्मनीशी होतं, पण आयोवातल्या डॅनिश, नॉर्वेजियन, चेक म्हाताऱ्यांचीही तोंडं बंद झाली. आंबवलेल्या कोबीला सावरक्राउट म्हणायचं नाही, "लिबर्टी कॅबेज" म्हणायचं. (हे वाचून आपल्याकडच्या रस्त्यांची आणि शहरांची नावं बदलण्याचा छंद आठवला तर तो तुमचा दोष.) शेजारच्या नेब्रास्कात दहा वर्षांच्या पोराला जर्मन वाचायला शिकवलं म्हणून मेयर नावाच्या मास्तरांना २५ डॉलर दंड झाला. मास्तर सुप्रीम कोर्टापर्यंत गेले आणि १९२३ मध्ये जिंकले. कोर्टानं सांगितलं की घटनेचं संरक्षण इतर भाषा बोलणाऱ्यांनाही तितकंच आहे. शंभर वर्षं झाली त्याला. सद्गृहस्थांना नागरिकत्वाच्या परीक्षेत हा प्रश्न आला नसावा.

युद्ध सुरू असेल तर मात्र आपली भाषा खुशाल बोला. नावाहो या इथल्या मूळ रहिवासी जमातीच्या मुलांना सरकारी निवासी शाळांत घरची भाषा बोलल्याबद्दल साबणानं तोंड धुऊन शिक्षा करत. १९४२ मध्ये जपान्यांना न उलगडणारी सांकेतिक भाषा हवी झाली, तेव्हा तीच तोंडं मरीन कोअर या सैन्यदलानं भरती केली. आधी २९ जण, मग शेकडो. जपानच्या इवो जिमा बेटावरच्या लढाईतले निरोप त्यांनी आपल्या भाषेत पोचवले, एकही चुकला नाही. घरी परतल्यावर त्यांना कुणाला काही सांगायची परवानगी नव्हती, १९६८ पर्यंत सगळं गुपित. पदकं आली २००१ मध्ये, तोवर त्या पहिल्या २९ जणांतले बहुतेक गेले होते. तेव्हा आईला सांगून ठेवा, तुझ्या मराठीची गरज पेंटागॉनला लागेल तेव्हा कळवतील.

मुलांशी पाळण्यापासून इंग्रजीच बोला. मराठी बोललात तर ती गोंधळतात, असं कुणीतरी कुणालातरी सांगितलेलं आहे. मग मूल आठ वर्षांचं झालं की रविवारच्या मराठी शाळेची फी भरा आणि जे घरात वरण-भाताबरोबर फुकट मिळत होतं ते तासावर विकत घ्या. हायस्कूलमध्ये मराठीला परकीय भाषा म्हणून क्रेडिट मिळतं असं कळलं की तर प्रेमाला भरतीच येते. परकीय भाषा! आजीनं फोनवर "जेवलास का रे" विचारलं की पोरगं आईकडे बघतं आणि आई भाषांतर करते. त्याच पोराला गणपतीत रोमन लिपीत लिहून दिलेलं शिवाजी महाराजांचं भाषण म्हणायला उभं करा. ते "माजा मावला" म्हणतं, टाळ्या पडतात, डोळे पाणावतात. पुढची पिढी जोडली गेली.

अस्मिता ठेवा, पण ती टाइमझोन बघून वापरा. आपले सद्गृहस्थ यात फार तयार आहेत. मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, ३ ऑक्टोबर २०२४ ला, तेव्हा मंडळात सोहळा झाला. फेटा बांधून हे उभे राहिले आणि म्हणाले, "फ्रेंड्स, धिस इज अ व्हेरी प्राउड मोमेंट फॉर माय मराठी." २०२५ मध्ये महाराष्ट्रात पहिलीपासून हिंदी आणायचं निघालं, तेव्हा यांचे मेसेज पहाटे तीनपर्यंत चालू होते. मुंबईत राहायचं तर मराठी आलीच पाहिजे, रिक्षावाला असो की सोसायटीचा सेक्रेटरी. आता मलाही वाटतं की मुंबईत मराठीला खालमानेनं वावरावं लागू नये, यात वाद नाही. पण जो माणूस बारा हजार किलोमीटरवरच्या रिक्षावाल्याच्या तोंडावर पहारा ठेवतो, त्यानं दीड हातावर उभ्या असलेल्या बाईपुढे सॉरी म्हणायचं? कुणाच्या वतीनं? आम्ही वकीलपत्र दिलं होतं का तुम्हाला?

बास झाल्या सूचना.

सद्गृहस्थ, तुम्ही हे वाचणार, मला माहीत आहे. मंडळाच्या ग्रुपवर कुणीतरी टाकेलच. तर सरळच सांगते. ज्यांचा व्हिसा अधांतरी आहे, ज्यांच्या दाराशी खरंच गाडी येऊन उभी राहू शकते, ते गप्प बसले तर मी त्यांना एक शब्द बोलणार नाही. त्यांची भीती खरी आहे. तुमच्याकडे अमेरिकेचा पासपोर्ट येऊन अठरा वर्षं झाली. घर आहे, दोन गाड्या आहेत, गावातल्या निवडणुकीत तुमच्या अंगणात पाटी असते. तुम्हाला कुणी कुठे पाठवणार नव्हतं. त्या बाईंना तुम्ही एवढंच म्हणायचं होतं की आई तिच्या मुलीशी बोलते आहे. नसतं म्हणायचं तर छताकडे बघायचं, ते तर फुकट असतं. तुम्ही त्या बाईंच्या बाजूला जाऊन उभे राहिलात. आपण शहाणे आहोत, हे लोक अजून शिकलेले नाहीत, हे दाखवायला. त्या बाईंचा मला तेवढा राग आला नाही. त्यांना ठाऊकच नसेल की या देशात पाचांतला एक माणूस घरी इंग्रजीखेरीज दुसरी भाषा बोलतो, न्यू जर्सीत तर जवळपास तिघांतला एक. तुम्हाला ठाऊक आहे. तुम्ही त्यातलेच एक आहात. की होतात?

आणि मी? मीही काही बोलले नाही. "चल" म्हणून आईचा दंड धरला आणि बाहेर आले. चोख उत्तरं सगळी रात्री भांडी घासताना सुचली. त्यामुळे हा लेख लिहिताना माझाही राग माझ्यावर आहेच, तो हिशेब मी बघून घेईन.

"न्यू हिअर" म्हणालात. माझ्या आईनं सातारा जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत ३४ वर्षं शिकवलं. पोरांना इंग्रजीही तिनंच शिकवलं. बाईंचं वाक्य तिला शब्द न् शब्द कळलं. तुमचंही कळलं. आणि नसतं इंग्रजी येत तरी काय बिघडलं होतं, ते मी का सिद्ध करत बसू?

त्या शनिवारपासून ती दुकानात बोलत नाही. भाजीच्या दुकानात परवा बोटानं दोडका दाखवला. मी म्हटलं, आई, इथे सगळे आपलेच आहेत, बोल की. तर मान हलवली आणि ओठांवर बोट ठेवलं. ३४ वर्षं वर्गात पोरांना गप्प करायला ती जे करायची, ते तिनं स्वतःला केलं.

तिचं परतीचं विमान २८ तारखेला आहे. त्याच्या आत आमच्याकडे या. पत्ता तुमच्याकडे आहे, वर्गणीची पावती पाठवता त्यावरच. चहा करते. तिच्यासमोर बसा आणि जे म्हणायचं ते मराठीत म्हणा. आणि जरा मोठ्यानं बोला. तिला कमी ऐकू येतं.