धुतेस ना?

आज एका दिवसात दोन माणसांनी मला एकच गोष्ट सांगितली आणि तेव्हापासून मी धुमसतेय. लांबलचक होणारे, वाचायचं तर वाचा.

सकाळी स्वारगेटच्या बसमध्ये शेजारी एक आजी बसल्या होत्या, नऊवारी, कपाळभर कुंकू. माझ्या लॉक्सकडे, म्हणजे मुद्दाम गुंतवून केलेल्या केसांच्या दोऱ्यांकडे (ड्रेडलॉक्स, ड्रेड्स म्हणतात ते), बराच वेळ बघत होत्या. मग हळूच एक लॉक बोटांत धरला, सोडला आणि तोच हात कपाळाला लावून नमस्कार केला. म्हणाल्या, "आईची हाय न्हवं? पाणी लावू नगंस हं बाळा, कोप हुतो." मला काही बोलताच आलं नाही. दुपारी ऑफिसात चहाच्या वेळी एक सहकारी, चांगला शिकलासवरलेला, चार वर्षं परदेशात राहून आलेला, म्हणतो, "भारी दिसतात गं, पण ड्रेड्स धुवायचे नसतात ना? वास नाही येत?"

आजींचा राग नाही आला. याचा आला.

कारण माझ्या आत्याला जट होती. ड्रेडलॉक्स नाही, जट. गडहिंग्लजकडचं आमचं गाव, मी लहान होते तेव्हा आत्याला टायफॉइड झाला, महिनाभर अंथरुणात, डोक्याला ना तेल ना फणी. उठली तोवर मानेमागे केसांचा गुंता होऊन बसलेला. तो तेव्हाच तेल लावून, तासभर बसून सोडवला असता तर सुटला असता, पण गल्लीतली एक म्हणाली, देवी आली, यल्लम्मा आली, हात लावू नका. झालं. त्यानंतर चौदा वर्षं त्या केसांना हळदकुंकू लागलं, भंडारा लागला, पाणी नाही लागलं.

आणि हा माणूस मला चहा पिता पिता विचारतो, धुवायचे नसतात ना!

धुवायचे असतात. मार्चमध्ये गोव्यात हरमलला जाऊन करून घेतले, बेचाळीस लॉक्स, दोन दिवस बसले होते. माझे केस सरळ, त्यामुळे उलटं विंचरून गाठी पाडायच्या आणि मग बारीक क्रोशाच्या सुईनं सुटे केस आत ओढून घ्यायचे, असं एकेक करत. हो, मान्य आहे, पहिले आठ-दहा दिवस पाणी लावत नाहीत, सरळ केसांच्या गाठी सैल असतात, सुटतात. पण तेवढंच. त्यानंतर मी दर आठवड्याला धुते. शाम्पू असा की मागे काही थर राहत नाही, तोही फक्त टाळूला, बोटांच्या टोकांनी, लॉक्समधून नुसता फेस खाली जाऊ द्यायचा आणि मग पाणी, पाणी, पाणी, पिळल्यावर स्वच्छ निघेपर्यंत. कंडिशनर नाही, त्यानं केस निसरडे होतात आणि गाठी सुटतात. स्वच्छ केस एकमेकांत घट्ट बसतात, तेलकट केस घसरतात. म्हणजे न धुता लॉक्स नीट बनतच नाहीत, उलट आहे सगळं, पण ऐकतो कोण.

आणि मेण लावू नका, हात जोडून सांगते. ज्याच्याकडून मी पहिली डबी घेतली त्यानं सांगितलं, हे लावलं की आठवड्यात घट्ट होतील. मेण पाण्यानं निघत नाही, आतच बसतं, त्यात टॉवेलचे धागे, धूळ, सगळं चिकटतं. सहा लॉक्सना लावलं होतं, अजून गरम पाणी घालून घालून काढतेय. आता टॉवेलही बंद, बाबांचा जुना सुती बनियन वापरते, रात्री सॅटिनची टोपी.

जटेला एक वास असतो. घामाचा नाही, तो वेगळा. ओल्या पोत्यासारखा. पावसाळ्यात आत्या जेवायला सगळ्यांपासून लांब, परसदाराच्या उंबऱ्यावर बसायची, कुणी सांगितलं नव्हतं, स्वतःच बसायची. मी सहावीत होते, एकदा माडीवर मला जवळ बोलावलं आणि अगदी हळू म्हणाली, "जरा वास घे गं, येतोय का लई?" मी म्हटलं नाही येत. खोटं बोलले. मग तिनं तोरण विणायची सुई माझ्या हातात दिली, म्हणाली, "बुडाशी खाजतंय, आत घाल जरा, जोरानं नको." मी ती सुई घातली होती. आतली कातडी दिसायची नाही, नुसती गरम लागायची.

माझ्या ड्रॉवरमध्ये आज क्रोशाची सुई आहे, तिच्याहून बारीक. दर वेळी हातात घेतली की ती माडी आठवते.

म्हणून वाळवण्याबद्दल मी हट्टी आहे. वरून कोरडा लागणारा लॉक आत ओला असतो, ओला राहिला की आत बुरशी धरते, आणि मग तोच वास, एकदा बसला की जाता जात नाही. त्यामुळे रात्री धुवायचं नाही, सकाळी धुवायचं, एकेक लॉक पिळायचा, पंख्याखाली बसायचं, पावसाळ्यात ड्रायर. आणि ओले आहेत तोवर बुडाशी एकेक ओढून वेगळा करायचा. आपले रोज पन्नास ते शंभर केस गळतात, ते पडून जात नाहीत, तिथेच अडकतात आणि शेजारच्या लॉकमध्ये शिरतात. दोन आठवडे लक्ष दिलं नाही तर दोनाचा एक होतो, मग चाराचा. आत्याच्या डोक्यावर दुसरं काय झालं होतं? तेच. देवी नव्हती हो, गळलेले केस होते, न विंचरलेले, आणि त्यावर चौदा वर्षांची धूळ.

लोक म्हणतात, पण ते ड्रेड्सवाले रास्ताफारी कुठे धुतात? ती त्यांची श्रद्धा आहे, 1930 च्या दशकात जमैकात उभा राहिलेला पंथ, बायबलातल्या नाझीर व्रताचा (देवाला वाहून घ्यायचं व्रत) आधार घेऊन केसांना वस्तरा लावत नाहीत. वस्तरा. पाणी नाही असं कुठे म्हटलंय? काळ्या लोकांच्या केसांना घाणेरडं म्हणून त्यांना शाळेतून, नोकरीतून हाकललंय, त्याविरुद्ध कॅलिफोर्नियाला 2019 मध्ये कायदा करावा लागला. हे "वास येतो का" तिथूनच येतं, हे तरी कळायला हवं परदेशात राहून आलेल्याला. कदाचित मीही त्याच्यावर जास्तच चिडले असेन, त्याला आत्या कुठे माहीत आहे.

आत्याची जट 2015 ला काढली. दाभोलकर डॉक्टरांना जाऊन दोन वर्षं झाली होती. त्यांच्या अंनिसच्या, म्हणजे अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या, कार्यकर्त्या चार वेळा येऊन बसल्या, चहा प्यायल्या, गप्पा मारल्या, कात्रीचं नावही काढलं नाही. पाचव्या वेळी आत्याच म्हणाली, काढा. खाली कातडी पांढरीफटक, ओली, दोन ठिकाणी जखम. नंतर कितीतरी दिवस तिची मान पुढे झुकलेली असायची, मागचं ओझं तोलायची सवय. आणि पहिल्या दिवशी तिनं शिकेकाईचं पाणी मागितलं, दोन बादल्या, आणि न्हाणीघरातून तासभर बाहेर आली नाही.

त्यामुळे मी ड्रेड्स केले तेव्हा ती पंधरा दिवस बोलली नाही माझ्याशी. बरोबरच होतं तिचं. मला वाटत होतं माझं डोकं, माझी मर्जी, आणि अजूनही वाटतं, पण फोटो पाठवायच्या आधी तिला फोन करायला हवा होता. सोळाव्या दिवशी तिनंच केला, पहिलं वाक्य, "धुतेस न्हवं?"

आत्ता हे टाइप करताना तिचा फोन येऊन गेला. बसमधल्या आजींचं सांगितलं. थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "तिच्या घरात असंल की गं कुणाला तरी." आणि लगेच, "आज पावसात भिजलीस का? बुडात हात घालून बघ, गार लागतंय का."

बघितलं. मागचे चार गार आहेत. पंखा पाचावर केलाय, बसलेय त्याच्याखाली.