१६४६ मीटर, घरच्यांच्या सहीसह

आमच्या शाळेतले आधीचे स्काऊटमास्तर निवृत्त झाले, तेव्हा निरोप समारंभात त्यांनी आपली शिट्टी काढून माझ्या गळ्यात घातली. हार घालताहेत असं समजून मी मान वाकवली होती. भूगोलाचा मास्तर म्हणजे डोंगर माहीत असणारच, असा मोठ्या बाईंचा हिशेब. डोंगर मला माहीत आहेत, पण समोच्च रेषांमधले. पंचवीस वर्षं फळ्यावर ते इतक्या सफाईनं काढत आलोय की प्रत्यक्ष चढायची वेळच आली नाही.

यंदा वरून टूम निघाली, पथकानं ‘हाय ॲडव्हेंचर’ मोहीम काढावी. स्काऊटमध्ये मोहीम मुलांनी ठरवायची असते, म्हणून गरुड, चित्ता, वाघ आणि घुबड अशा चारही पेट्रोलच्या, म्हणजे मुलांच्या तुकड्यांच्या, लीडरना बोलावलं. पाच मिनिटांत निर्णय झाला : कळसूबाई. का, तर महाराष्ट्रात तिच्यापेक्षा उंच काहीच नाही. १६४६ मीटर. घुबडांचा आग्रह रात्री चढायचा. नावाला जागणारी पोरं! मी डिसेंबर म्हटलं, कारण पावसाळ्यात तिथल्या लोखंडी शिड्या निसरड्या होतात. हे मी कुठेतरी वाचलं होतं. लगेच तीन प्रतींत अर्ज करून वर धाडला आणि पालकांच्या ग्रुपवर लिहिलं, ‘प्रत्येक पेट्रोलचे पैसे लीडरनी गोळा करावेत.’ दोन मिनिटांत उत्तर आलं, ‘बसभाड्यात पेट्रोल धरलेलं नाही का?’

मग पालकसभा.

सुरुवात मी भारदस्त केली. म्हटलं, “१९०७ साली बी.पी. वीस-बावीस मुलांना घेऊन ब्राउनसी बेटावर तंबूत राहिले. पहाटे कुडू हरणाचं शिंग फुंकून मुलांना उठवायचे.” मागच्या बाकावरचे एक गृहस्थ कळवळून म्हणाले, “सर, बी.पी. मलाही आहे. पण पहाटे उठून असलं काही करू नका. गोळी घ्या.” बी.पी. म्हणजे बेडन-पॉवेल, हे सांगेपर्यंत सभा माझ्या प्रकृतीवर सरकली होती.

तिथून पुढे प्रश्नच प्रश्न. बारी गावात मुक्काम आहे तर बाथरूम वेस्टर्न आहे का? वर रेंज येते का? शिडीवर मुलाचा हात कोण धरणार? (मुलगा नववीतला, मिसरूड फुटलेला. तो मान खाली घालून बुटाची नाडी सोडत होता आणि पुन्हा बांधत होता. स्काऊटची रीफ नॉट गाठ मात्र अचूक होती.) एवढ्यात एक ट्रेकर बाबा उठले. “कळसूबाई काय, शिड्याच लावल्यात! खरी मजा हरिश्चंद्रगडाला, नळीच्या वाटेनं.” एवढं बोलून थांबले असते तर बरं. पण त्यांनी कोकणकड्याच्या टोकावर पोटावर झोपून काढलेला फोटो मोबाइलवर फिरवला. फोटो आयांच्या रांगेतून परत आला, तेव्हा हरिश्चंद्रगडाबरोबर कळसूबाईही बाद झाली होती.

तोडगा म्हणून मी लोहगड सुचवला. १०३३ मीटर, चांगल्या पायऱ्या, लोकलनं मळवलीला उतरलं की झालं. त्यावर आक्षेप आला तो मळवलीपासून गडापर्यंत चालण्याचा. मी नम्रपणे सांगितलं की चालणं हाच कार्यक्रम आहे. ते कोणाला पटलं नाही.

पुढच्या सभेत सिंहगड. इथे भूगोलाचा शिक्षक म्हणून मला नोंदवलंच पाहिजे की सिंहगड लोहगडापेक्षा उंच आहे, पण त्याच्यावर गाडी जाते. त्यामुळे पालकांच्या लेखी तो सपाट. इतका सपाट की अकरा कुटुंबांनी आपापल्या गाड्या काढून सोबत यायचं ठरवलं. मोहिमेचा आराखडा मागे पडून मडक्यातलं दही आधी की पिठलं-भाकरी आधी, यावर चर्चा सुरू झाली. स्काऊट स्वतःचं स्वतः शिजवून खातो म्हटल्यावर एक आई म्हणाल्या, “खाऊ द्या की. पण जेवण झाल्यावर.”

रविवारी घाटात गाड्यांची रांग लागते, असं कोणीतरी म्हणालं आणि सिंहगडही गेला. उरली पर्वती. एकशे तीन पायऱ्या. पालक एकमतानं हो म्हणाले. वाघ पेट्रोलचा लीडर एवढंच म्हणाला, “सर, तिथे माझी आजी रोज जाते.”

सभेतून बाहेर पडताना मी प्रत्येक वेळी तोंड पाडून बाहेर पडायचो. मोठ्या बाई पाठीवर हात ठेवायच्या, “सर, तुमची तळमळ दिसते.” खरं सांगतो, शिखर मीटरामीटरानं खाली येत होतं तसे माझे गुडघे आतल्या आत टाळ्या वाजवत होते. स्काऊटच्या नऊ नियमांपैकी सातवा म्हणतो, स्काऊट धैर्यशील असतो. आठवा म्हणतो, काटकसरी असतो. मी धैर्याची काटकसर करत होतो.

आणि नोव्हेंबरात वरून लिफाफा आला : कळसूबाई शिखर मोहिमेस खालील अटींवर परवानगी देण्यात येत आहे. पहिलाच अर्ज मंजूर! धावत कार्यालयात गेलो. लिपिकानं चष्म्यावरून पाहिलं. “स्थळबदल हवा तर नवीन अर्ज. पुन्हा तीन प्रती, पुन्हा तीन महिने. पण मास्तर, उंचावरून खाली यायला परवानगी मागणारे तुम्ही पहिलेच.”

आता पालक पेटणार आणि मोहीम आपोआप बारगळणार, या आशेवर पत्राचा फोटो ग्रुपवर टाकला. तर सगळे शांत. गोल शिक्का बघून वातावरणच पालटलं. ‘सरकारला चालतंय म्हणजे शिड्या मजबूत असणार.’ खाली अंगठ्यांची रांग. हात धरण्याबद्दल विचारणाऱ्या आईंनी तर शिडीसाठी खास बूट घेतल्याचं कळवलं. एसटीचा प्रासंगिक करारही झाला. पोरांनी मैदानात शिट्ट्या फुंकून कान किटवले.

अटींत सातवी होती : सोबत जाणाऱ्या शिक्षकांनीही कुटुंबीयांचे संमतीपत्र जोडावे. फॉर्म हिच्यापुढे ठेवला. ही नाही म्हणेल अशी शेवटची आशा होती. तिनं पेन मागितलं, खाली झोकात सही केली आणि ‘विशेष सूचना’ या रकान्यात सुवाच्य अक्षरात लिहिलं :

‘यांना दुसऱ्या मजल्यावर दम लागतो. खिशात आलेपाक दिला आहे. शिडीवर मुलांनी यांचा हात धरावा.’